कापसाचं मेंढरू

मित्रांनो, मी एक म्हातारा बोकड आहे. म्हातारी शेळी तुम्ही पाहिली असेल, म्हातारा बैल पाहिला असेल, म्हातारा कुत्रा तर दारोदार असतो. बोकडाला मात्र म्हातारं होण्याची सवलत कोणी देत नाही. मी झालो. माझे दात पडले, गुडघे धरले, उजव्या डोळ्याला नीट दिसत नाही. वयाबरोबर राग निवळतो असं माणसं म्हणतात. माझा निवळला नाही. तो का निवळला नाही, तेच आज सांगणार आहे.

चिंचपाड्याच्या अलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमचा पाडा आहे. तिथे सुपडू नावाच्या माणसाच्या पडवीत मी जन्मलो. आई मला जन्म देऊन दुसऱ्याच दिवशी गेली. सुपडूची बायको कौसाबाई मला उलटंपालटं करून म्हणाली, "हाऊ काही जगत नही." पण त्यांची मुलगी धनु हट्टी होती. तिने कापसाचा बोळा दुधात बुडवून माझ्या तोंडात धरला. मी तो चोखला, मग चावला, मग गिळायला निघालो. तेव्हा तिने माझ्या घशात बोट घालून तो बाहेर काढला. अशी आमची ओळख झाली.

मी वाढलो तो धनुच्या पायात घोटाळतच. तिच्या परकराचा काठ खाल्ला, पाटी पुसायचं फडकं खाल्लं, एकदा तिची वेणीसुद्धा तोंडात धरली. ती रागवायची, पण हात फिरवायची तो लाडानेच. सुपडूचाही हात माझ्या पाठीवरून फिरायचा. तो कमरेपाशी थांबायचा आणि जरासा दाबून बघायचा. त्या दाबण्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. आपल्यावर सगळ्यांचंच प्रेम आहे, अशी माझी समजूत होती.

आमच्या पाड्यावर उदेसिंग मास्तर होते. ते एरवी शाळा घ्यायचे आणि रविवारी ख्रिस्ती मंडळीतल्या मुलांना गाणी आणि गोष्टी शिकवायचे. त्यांना अहो-जाहो करायची मला सवय आहे म्हणून करतो, मान म्हणून नाही. सत्तावन्न साली नाताळसाठी त्यांनी मुलांचं नाटक बसवलं. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात. त्यातलं एक हरवतं. तो बाकीची तिथेच सोडतो, काट्याकुट्यातून त्या एकाला शोधत हिंडतो आणि सापडलं की खांद्यावर घेऊन घरी येतो, अशी ती गोष्ट. आमच्या भागात मेंढरू मिळणार कुठून? मी पांढरा होतो. मास्तर सुपडूकडे आले.

"जसा नेतो तसा आणून दारात बांधतो," असं त्यांनी दिलेलं वचन मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

सुपडू म्हणाला, "मास्तर, तुम्हीन सांगतस म्हनीसन देस."

मग माझं मेंढरू करायला घेतलं. भाताची खळ करून माझ्या अंगाला फासली आणि वर कापूस चिकटवला. ती खळ चांगली लागायची. तालमीत मी अर्धं अंग चाटून काढायचो आणि ऐन प्रवेशात मला जागोजागी टक्कल पडलेलं असायचं. मेंढपाळ म्हणून मास्तरांनी गोड गळ्याचा एक मुलगा निवडला होता. मी त्याच्यामागे एक पाऊल टाकलं नाही. शेवटी मास्तर चिडून म्हणाले, "ये धनु, तूच हो मेंढपाळ." घोंगडी तिच्या टाचेपर्यंत यायची आणि काठी तिच्या डोक्याच्या वर जायची. पण ती "कुठे आहेस रे माझ्या लेकरा" म्हणत शोधायला लागली, की पुढे बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. मला तर दहा हातांनी भाकरी मिळायची. खोटं कशाला बोलू, ते कौतुक मला फार आवडलं.

ते कौतुक दूरवर पोहोचलं. खाली सपाटीवरच्या एका मंडळीकडून मास्तरांना बोलावणं आलं. आमच्याकडे कापणीचा सण आहे, तुमची मुलं आणा, नाटक करा, पंगतीला जेवा. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. ते घेतलं की माझ्या तोंडाची चव जाते.

चिंचपाड्याहून पॅसेंजरने निघालो. पोहोचल्यावर घाई नको म्हणून मास्तरांनी घरूनच मला कापूस लावला होता. गार्डाने मला अडवायला हात वर केला, पण माझं ध्यान पाहून त्याला हसू आलं आणि मी चढलो. पोरं गात होती, डोळ्यात कोळशाचे कण जात होते, धनु माझा दोर मनगटाला गुंडाळून बसली होती. खिडकीतून आमच्या टेकड्या मागे पडल्या आणि केळी, ऊस, कापूस सुरू झाला. त्या प्रवासाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तिथे काय रीत होती ती आता सांगतो, कारण सगळा घोटाळा तिच्यातच आहे. कापणीच्या सणाला त्या मंडळीतला प्रत्येक जण आपल्या शेतातलं, गोठ्यातलं काहीतरी प्रार्थनामंदिराच्या दारात आणून ठेवतो. ज्वारीची कणसं, केळीचा घड, ऊस, एखादी कोंबडी. ते देवाला अर्पण. पाळक त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि त्यातूनच पंगतीचा स्वयंपाक होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा लोक रांगेने अर्पणं घेऊन उभे होते. पाहुणे म्हणून आम्हाला पुढे घेतलं, आणि आमच्या हाताशी होतो मी, कापसाने मढवलेला.

रूपचंद नावाचे त्या मंडळीचे पंच होते. जमीनजुमल्याचं माणूस, खांद्यावर स्वच्छ उपरणं. ते मला पाहून खूश झाले. मोठ्याने म्हणाले, "पाहुना रिकामा हात नही उनात. बोकड लई उनात, तोबी सजाडीसन."

पाहुण्यांनी सजवलेला बोकड अर्पण म्हणून आणला, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मित्रांनो, ते मिटलेलं तोंड मी अजून विसरलेलो नाही. 'हा नाटकातला आहे' एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते, रूपचंदही हसले असते आणि विषय संपला असता. पण एवढ्या लोकांपुढे पंचांचं बोलणं खोटं कसं पाडायचं, अशी मास्तरांना भीड पडली. तेवढ्यात पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि माझ्याबद्दल देवाचे आभार मानले. मीही मान खाली घातली. मला वाटलं, आशीर्वाद देत आहेत.

आचारी गोवाल मला मागच्या अंगणात घेऊन गेला आणि त्याने चुलाण्याशेजारी लिंबाला बांधलं. तिथे तो विळा आणि सुरी दगडावर घासायला बसला. मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी अंगावरची खळ चाटत होतो.

आत काय झालं ते मला धनुने नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी ते पाहिलंच असं म्हणायला हरकत नाही. ती मास्तरांना म्हणाली, "मास्तर, हाऊ तं नाटकना शे."

मास्तर म्हणाले, "हळू बोल. गोणपाटाचं गाठोडं करू आणि वर कापूस लावू. लोकांना लांबून काय दिसतंय?"

"आनि मन्हा बोकड?"

"देवाला दिलेलं परत मागायचं नसतं."

"पन त्याले दिधा कोनी?"

उत्तर नसलं की मोठी माणसं करतात तेच मास्तरांनी केलं. डोळे वटारले आणि तिच्या हातात काठी दिली.

नाटक सुरू झालं. माझ्या जागी गाठोडं ठेवलं होतं, बाभळीच्या फांद्यांच्या आडोशाला. धनु घोंगडी सावरत आली. "माझी सगळी आहेत, पण एक नाही," असं तिचं वाक्य होतं. ते म्हणताना तिचा आवाज चिरकला आणि पुढच्या बायकांनी लगेच पदर डोळ्याला लावले. ती शोधत शोधत फांद्यांपाशी आली, गाठोड्याकडे पाहिलं आणि त्याला ओलांडून पुढे गेली. मास्तर कडेने खुणा करू लागले. ती थांबली नाही. लोकांच्या मधून वाट काढत, प्रत्येकाला "माझं मेंढरू पाहिलंत का" असं विचारत ती मागच्या दाराने बाहेर पडली. लोकांना वाटलं, काय सुंदर बसवलं आहे. त्यांनी आपणहून गाणं सुरू केलं.

मला ती दिसली आणि मी ओरडलो. गोवालने सुरीवरून मान वर केली.

"काय वं पोरी, कोठे लई जाई ऱ्हायनी त्याले?"

"मन्हं मेंढरू हाराई गयथं," ती म्हणाली. "सापडनं."

गोवाल भला माणूस. त्याला वाटलं, खेळातलंच आहे. "बरं बरं. खेळ सरना का लई ये," असं खेळ संपल्यावर परत आणायचं बजावून त्याने स्वतःच गाठ सोडली.

मी काही खांद्यावर मावणारा राहिलो नव्हतो. पण तिने माझे पुढचे पाय खांद्यावर ओढून घेतले आणि मी मागच्या दोन पायांवर उड्या मारत आत गेलो. असा टाळ्यांचा गजर मी पुन्हा कधी ऐकला नाही. बायका रडत होत्या. रूपचंदांनी उपरण्याने डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले, "मी दहा उपदेश केले असते तरी तुमच्या मनाला हे इतकं भिडलं नसतं." आणि उदेसिंग मास्तरांनी पुढे येऊन, हात जोडून, तो सगळा मान घेतला.

मग रूपचंदांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि त्याच ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "चाला, आते बोकड मांगे धाडा. सयपाकले उशीर व्हई ऱ्हायना."

मित्रांनो, माझा राग इथे आहे. सुरीचा राग मला नाही. बोकडाच्या जन्माला आलो तेव्हा सुरी आलीच. पण ज्याच्यासाठी आता रडलात, त्याच्याचकडे पाहून तुमच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि मध्ये एक आवंढासुद्धा येत नाही?

धनुने माझ्या गळ्यात दोन्ही हात घातले. "सापडेल मेंढरूले कोनी कापस का?"

सापडलेलं मेंढरू कोणी कापतं का, या प्रश्नावर लोक हसले. रूपचंद समजुतीने म्हणाले, "ते नाटक व्हतं, पोरी. नाटक सरनं."

मग ती मास्तरांकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नाही, तिने विचारलं, "मास्तर, मन्हा बाले तुम्हीन काय सांगेल व्हतं?"

'जसा नेतो तसा आणून दारात बांधतो' हे तिच्या बापाला दिलेलं वचन मला आठवलं. मास्तर आपल्या वहाणांकडे पाहत राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं, "मास्तर, हा बोकड तुमच्या मंडळीने दिलेला नाही का?" त्यावर मास्तर पुटपुटले, "म्हणजे... गैरसमज..." गोवाल दारात उभा होता. त्याने सुरी कमरेला खोचली आणि डाळ निवडायला निघून गेला. तेवढ्यावरून काय ते सगळ्यांना समजलं.

रूपचंदांचा चेहरा उतरला. आपली चूक झाली असं ते म्हणाले का? नाही. धनुला म्हणाले, "लई जाय तुन्हा बोकड. पन आमनी पंगतमा बसू नको."

बाकीची पोरं डाळभात जेवली. त्यांना भूक लागली होती, त्यांचा मला राग नाही. मास्तरही जेवले. धनु आणि मी बाहेर कुंपणापाशी बसलो. तिच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता. तिने माझ्या अंगावरचा कापूस एकेक करून काढला. परतीच्या गाडीत तिच्याशी कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. सुपडू उठून आला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर त्याने मला कधी बाजार दाखवला नाही.

मास्तरांनी धनुला नाटकातून काढलं. पोर उद्धट आहे, मंडळीची नाचक्की केली, असं कारण दिलं. पुढच्या वर्षी तो गोड गळ्याचा मुलगा मेंढपाळ झाला आणि गोणपाटाचं गाठोडं मेंढरू. तेच नाटक पुढे कितीतरी गावी झालं. म्हणे लोक अजून रडतात. मला मात्र पडवीच्या कोपऱ्यात सगळे विसरले. धनुचं लग्न झालं, ती खापर गावी गेली. ती येते तेव्हा आधी माझ्याकडे येते, मग आईकडे.

गेल्या महिन्यात मास्तर नव्या मुलांना घेऊन आमच्या दारी आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मुलांनो, आपल्या प्रसिद्ध नाटकातला बोकड तो हाच. मेंढपाळाने मागच्या दाराने बाहेर जायचं, ही कल्पना माझीच. त्या मुलीला मीच तसं शिकवलं होतं." आणि त्यांनी प्रेमाने माझ्या डोक्याकडे हात आणला. म्हाताऱ्या बोकडाच्या शिंगात जोर तो किती असणार? पण होता तेवढा सगळा लावला. मास्तर शेणाच्या पाटीत बसले आणि पोरं पोट धरून हसली.

मित्रांनो, मुक्या प्राण्यांवर दया करा, असं मी शेवटी सांगावं अशी रीत आहे. सांगतो, करा दया. पण नुसत्या दयेने मी वाचलो नाही. दया त्या मंदिरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यात होती. मी वाचलो, कारण सगळी मोठी माणसं भिडेने गप्प असताना एक लहान मुलगी बोलली. तुमच्यापुढेही असं कोणी दोराने बांधलेलं दिसेल आणि खरं काय ते माहीत असणारी माणसं वहाणांकडे पाहत उभी असतील. तेव्हा तुम्ही बोला. तुम्हाला उद्धट म्हणतील, पंगतीतून उठवतील. एक जेवण बुडेल. बुडू द्या.