पाठीतलं पाणी

बापाने डॉक्टरीणबाईंची मान धरून त्यांना भिंतीवर आपटलं, तेव्हा त्यांच्या मुठीत पोरीच्या पाठीतून काढलेलं पाणी होतं. बोटभर बाटली. चष्मा फुटला, ओठ फाटला, टाचेखाली काच कुरकुरली, पण मूठ काही सुटली नाही.

"माझ्या पोरीच्या पाठीत सुया खुपसतेस?" त्याने सलाइनचा लोखंडी दांडा उपसला. "घरी नेतो तिला. बघू कोण अडवतंय."

खाटेवर चार वर्षांची पोर अर्धे डोळे मिटून पडलेली. आधी नुसती किरकिर, मग ताप, उलट्या, आणि आज आकडी येऊन मान लाकडासारखी ताठ. बाईंना मेंदूच्या आवरणाचा क्षय दिसत होता. औषध आज पोटात गेलं नाही, तर पोर हातची जाणार. असं मूल आलं की घरात बहुधा कोणीतरी खोकणारं असतं, म्हणून त्यांनी आईला खोदून खोदून विचारलं होतं. आई दर वेळी दाराकडे बघून नाही म्हणाली होती.

दांडा उगारला तसा वॉर्डबॉय मध्ये पडला. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने डोळे मिटून ठोसा हाणला, तो बापाच्या खांद्याला लागला. दोघे सुयांच्या ट्रेसकट कोसळले. बाप छातीवर बसून त्याला बदड बदड बदडू लागला आणि मध्येच वाकला. खोकतच राहिला. फरशीवर लालभडक रक्त पडलं.

"बघा बाई," पैलवान खालून धापा टाकत म्हणाला, "एका ठोशात रक्त ओकायला लावलं."

"खांद्याला लागलाय रे तुझा ठोसा."

बाईंनी बाटली त्याच्या हातात देऊन त्याला लॅबकडे पिटाळलं आणि बापासमोर झाकणाची डबी धरली.

"यात थुंका. खोकला कधीपासून आहे?"

आई बोलली, या वेळी दाराकडे न बघता.

"बरेच महिने झाले. बोललं की हात उगारतात."

"आणि पोरगी झोपते कुणाजवळ?"

"माझ्याजवळ," तो म्हणाला. गुर्मी अजून उतरली नव्हती. "माझ्या छातीवर डोकं ठेवल्याशिवाय डोळाच लागत नाही तिचा."

बाईंनी फरशीकडे बघितलं, मग पोरीकडे. नर्सला औषध सुरू करायला सांगितलं. कोणी अडवलं नाही.

बापाचा आवाज ओळखून पोरीचा हात चाचपडत खाटेबाहेर आला. तो पुढे झुकला, आणि तोंडावर बाही दाबून मागे सरकत गेला, पार भिंतीला टेकेपर्यंत.