बिनकाचेचं चित्र

जालन्याच्या चित्रशाळेची वर्षाचे बेत ठरवायची बैठक होती. पहिलाच बेत माझ्या वडिलांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचा होता. ते जाऊन महिना झाला होता. जिवंतपणी याच मंडळींनी त्यांचं एकही चित्र इथे लावलं नव्हतं.

त्यांनी शेवटी स्वतःचंच चित्र काढलं होतं. ते मी आणलं होतं. चित्रशाळेचे अध्यक्ष अमरचंद शेठ यांनी त्याला हार घातला आणि कपाळावर ओलं गंध टेकवलं.

"शेठजी, त्याला काच न्हाई!"

"बेटी, गेलेल्याच्या फोटोला गंध लावतातच."

"फोटो न्हाई तो. पाण्याचे रंग आहेत."

वडिलांचं कपाळ विरघळून भुवईवर उतरत होतं.

"दर महिन्याला पूजा करू," शेठ म्हणाले.

"पहिला बेत खोडा," मी म्हणाले. रंग आणखी ओघळू नये म्हणून चित्र आडवं धरून मी बाहेर पडले.