घशात अडकलेला कूम

मित्रांनो, मी खूप जुना आहे, पण मला माळ्यावर शोधू नका. मी शब्द आहे. माझं नाव 'कूम'. बाप्तिस्म्याला जो तान्हं मूल हातात धरतो आणि त्याचं नाव ठेवतो, तो कूम.

जाणकार सांगतात, मी मूळचा लॅटिन, चांगला लांबलचक, 'सोबतची आई' अशा अर्थाचा. चर्चमधून स्लाव लोकांच्या तोंडी आलो आणि झिजत झिजत एवढासा उरलो. रशियन, युक्रेनी, पोलिश, बल्गेरियन, सगळ्यांकडे माझं पान मांडलेलं असे. मला मान होता. ज्याच्या हातून भावाचा खून झाला, त्याच्याच हातात मूल देऊन 'कूम' म्हटलं, की दोन घरांचं वैर संपायचं.

पुढे रशियन तुरुंगात खबरे पाळणाऱ्या अधिकाऱ्याला कैद्यांनी माझं नाव दिलं. सर्बियात वशिलेबाजीलाही माझ्यावरूनच शब्द निघाला. लाज वाटली, पण टवाळांना दोष देऊन मी निभावून नेलं. ल्युबिशाच्या वेळी तसं करता आलं नाही.

ल्युबिशा सर्बियातल्या मोरावा नदीकाठचा. चार पिढ्या त्यांच्या घरची मुलं बाप्तिस्म्याला तियोसावच्या घरच्यांनी धरली. त्याला मुलगी झाली, तेव्हा तो राकिया या फळांच्या दारूची बाटली घेऊन म्हाताऱ्या तियोसावकडे गेला. कूम बदलायचा तर जुन्या कूमची परवानगी लागते.

"कूम, राग मानू नका. नगराध्यक्ष स्वतःहून म्हणाले, पोरीला मी धरतो."

"स्वतःहून? तो माणूस वरच्यांना विचारल्याशिवाय शिंकतही नाही."

"पाणीखात्यात एक जागा निघालीय."

"मग पोर कशाला देतोस? बादली दे."

ल्युबिशाने मान खाली घातली. म्हाताऱ्याने बाटली त्याच्याकडे परत सरकवली.

"जा. दिली परवानगी. आणि ती बाटली ने, अध्यक्षाला लागेल."

चर्चमध्ये पाद्रींनी रीतीप्रमाणे, मुलीच्या वतीने उत्तर द्यायला, अध्यक्षाला विचारलं, "सैतानाला सोडलंस?"

"एक मिनिट," अध्यक्ष म्हणाला. त्याचा फोन वाजत होता.

सैतानाला एकदाचं सोडून झाल्यावर पाद्री म्हणाले, "कूम, मुलीचं नाव?"

अध्यक्षाने ल्युबिशाकडे पाहिलं. ल्युबिशाने भिंतीवरच्या संताकडे पाहिलं. नाव ठेवणं कूमचं काम. आईबापांनी ते विचारायचंही नसतं. त्यामुळे घरी कुणी नाव ठरवलंच नव्हतं. पोर रडायला लागली.

मागे मेणबत्त्यांपाशी तियोसाव उभा होता. तो हळूच म्हणाला, "विदोसावा."

ते ल्युबिशाच्या गेलेल्या आजीचं नाव होतं.

"विदोसावा!" अध्यक्षाने खणखणीत आवाजात सांगितलं. फोटो निघाले.

ल्युबिशा धावत बाहेर आला. तियोसाव फाटकापर्यंत पोचला होता. ल्युबिशाने तोंड उघडलं. मी त्याच्या घशापर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. शेवटी तो म्हणाला, "तियोसाव काका..."

म्हाताऱ्याने टोपी नीट केली. "जा रे आत. तुझा कूम वाट बघतोय."

मित्रांनो, घशात अडकलेला मी होतो आणि आत फोन कानाला लावून वाट बघणाराही मीच होतो. इतका शरमिंदा मी तुरुंगातही झालो नव्हतो.

ल्युबिशा आता पाणीखात्यात आहे. तियोसाव दिसला की तो रस्ता बदलतो. वापरून झिजण्याचं मला दुःख नाही, माझा जन्मच झिजण्यातून झाला. एवढंच मागतो: नात्याची हाक मारण्याआधी जरा निरखून बघा, समोर माणूस आहे की नळ.