हात उचलेपर्यंत

फाल्गुनातली सांज वसईच्या किनारपट्टीवर उतरत होती. समुद्रावरून निघाली तेव्हा ती सोनवर्खी होती. ताडांच्या रांगेपाशी ताम्रवर्णी झाली. केळीच्या वाडीत शिरली आणि पानापानांच्या हिरव्या ओंजळींतून गळत, झिरपत, निथळत, गावातल्या गोड्या पाण्याच्या बावखलावर येऊन टेकेपर्यंत जांभळी होऊन गेली.

जांभळीच व्हायला हवी होती. उपवासकाळ चालू होता. फादरांचा झगा जांभळा होता, वेदीवरचं वस्त्र जांभळं होतं, संतांच्या मूर्तींवर जांभळी आच्छादनं चढली होती. आभाळानेच तेवढं गणवेशाविना यायचं, म्हणजे शिस्तीचा प्रश्न आला असता.

उपवासकाळात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी मासळी, कुणी विडी, कुणी चहातली साखर. इनास मास्तरांनी यंदा आई सोडायची ठरवली होती.

अर्थात, हा शब्द मास्तरांचा नव्हे. मास्तरांचा शब्द ‘व्यवस्था’. डोंगरापलीकडे सिस्टरांचा आश्रम होता. शुभ्र चादरी, दुधाळ भिंती, खिडकीत बोगनवेलीचा गुलाबी कल्लोळ. सिस्टर मायाळू, डाळभात ऊन ऊन, हवा थेट डोंगरावरची. आश्रमात उणं म्हणून काही नव्हतं. फक्त तिथे कोंसूचं कुणी नव्हतं. आणि संध्याकाळच्या घंटेला आश्रमाची गाडी यायची होती.

कोंसू, म्हणजे मास्तरांची आई, मागच्या खोलीत खाटेवर बसली होती. लाल चौकड्यांच्या लुगड्यात गुंडाळलेली एक मूठभर शुभ्रता. कापूस पिंजून ठेवावा तसे केस. पिंपळाचं पान पाण्यात कुजून नुसती जाळी उरावी तसे हात. त्या जाळीतून उजेड आरपार जाई, आणि जाता जाता थोडा रेंगाळे.

आठवणी तिला एकेक करून सोडून गेल्या होत्या. आधी कालच्या गेल्या, मग परवाच्या, मग नवऱ्याची, मग मुलाची. भरतीचं पाणी मागे हटत जावं आणि शेवटी ओल्या वाळूवर एकच शिंपला चमकत राहावा, तसं तिचं कुमारपण तेवढं उरलं होतं. ती आता मुलगी होती. तिचं लग्न ठरलं होतं.

आणि तिला आशीर्वाद देता येत होता. तो मात्र गेला नव्हता. त्या घरातला आशीर्वाद साधा, पोराबाळांचा होता: ‘देव तुला मोठा करो.’ वाडीबाहेर निसटायची आणि भेटेल त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. पोस्टमनला दिला. पाववाल्याला दिला. खड्ड्यात झोपलेल्या कुत्र्याला दिला. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही दिला, आणि तो मोठा झालाही. पुन्हा म्हणून या गल्लीत दिसला नाही. मग कुणीतरी हाताला धरून तिला परत आणायचं आणि फाटकातून हाक मारायचं, “मास्तर, तुमची आई!”

हीच हाक मास्तरांना सोसेना. कारण मास्तर वक्ते होते.

साधे वक्ते नव्हेत; जीवनाच्या पावित्र्याचे वक्ते. गर्भातल्या पहिल्या स्पंदनापासून ओठांवरच्या अखेरच्या श्वासापर्यंत आयुष्य हे परमेश्वराचं दान आहे, हे त्यांच्याइतकं सुरेख आख्ख्या पट्टीत कुणी सांगत नसे. ‘वार्धक्य हे जीवनाचं देवघर आहे,’ असं ते म्हणत, आणि सभागृहातल्या म्हाताऱ्या पदराने डोळे टिपत. कर्णा चांगला होता. आवाज केळी ओलांडून, विहीर ओलांडून, थेट मागच्या खोलीत यायचा.

“कोण गं बाय, एवढं गोड बोलतंय?” कोंसू सुनेला विचारायची.

“तुमचा मुलगा,” रेजिना सांगायची.

“चल, काहीतरीच!” कोंसू लाजायची. “अजून लग्न व्हायचंय माझं.”

*

एक काळ होता. संध्याकाळची घंटा झाली की घरातलं प्रत्येक लहान माणूस प्रत्येक थोर माणसापुढे हात जोडून वाकायचं. दिव्याची वात थरथरायची, धुपाचा धूर थरथरायचा, आणि सायंप्रार्थनेच्या शेवटच्या शब्दावर इनासच्या डोक्यावर आईचा हात उतरायचा: शेणामातीचा, मोगऱ्याच्या वासाचा, भरल्या घागरीचा वळ पडलेला हात.

मग इनास मास्तर झाला. मास्तरचा हेडमास्तर झाला. आधी वाकणं गेलं. नुसती मान लवायची. मग मान गेली. नुसती नजर लवायची. मग नजरही गेली, कारण घंटेच्या वेळेला नेमकी कमिटीची मीटिंग असे.

कोंसू रोज घंटेला ओसरीवर उभी राहायची. तो चपला घालून पुढ्यातून जायचा, आणि तिचा हात उठायचा. अर्ध्यापर्यंत उठायचा. तो गेला, की तो उठलेला हात ती केसांकडे न्यायची आणि कपाळावरची बट मागे सारायची. जणू त्यासाठीच उठला होता.

किती संध्याकाळी गेल्या! किती सोनेरी, किती जांभळ्या, किती पावसाने राखाडी झालेल्या! आणि प्रत्येक संध्याकाळी ती न सुटलेली बट तिने सारखी केली. मास्तरांना वाटायचं, आईला केसांची फार हौस.

*

“कपडे भरले,” दारातून रेजिना म्हणाली. तिच्या हातात पिशवी होती. “लुगडी वर, औषधं खाली. भाषण कुठं ठेवू?”

“कसलं भाषण?”

“परवाचं. देवघराचं. टेबलावर पडलंय. तिथं सिस्टर वाचून दाखवतील आईला.”

मास्तर चष्मा पुसू लागले. “कंबर गेली, कंबर गेली, असं तूच म्हणत होतीस ना?”

“कंबर गेली म्हणाले. आई जाऊ दे, असं म्हणाले नाही. तिला धुते-पुसते मी. आणि लाज वाटते तुम्हाला.”

मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. जायच्या आधी आईने डोक्यावर हात ठेवावा. कुत्र्याला मिळाला, पाववाल्याला मिळाला. पोटच्या पोराला मिळायला हरकत नसावी. तेवढा मिळाला की मन निवेल. गाडीचं दार निवांत लावता येईल. रात्री झोप लागेल. आशीर्वाद कसला, मंजुरीच हवी होती त्यांना.

घंटा झाली.

तिचा नाद आला, केळींवरून, बावखलावरून, कौलांवरून. एकेक ठोका पाण्यात टाकलेल्या फुलासारखा फुटत, पसरत, विरत आला. मास्तर खाटेपुढे गुडघ्यांवर बसले. दोन्ही गुडघ्यांनी निषेध नोंदवला. एवढ्या वर्षांनी त्यांनी हात जोडले, मान वाकवली.

“आई,” ते म्हणाले, “आशीर्वाद दे.”

डोळे मिटून वाट पाहिली. हात आला नाही. खाट करकरली. लुगडं सळसळलं. मास्तरांनी डोळे उघडले.

कोंसू खाटेवरून उतरून त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली होती. तिच्या सुरकुत्यांतून, वाळक्या काठ्यांच्या कुंपणाला अवचित जाई फुलावी तसं, हसू फुललं होतं. तिनेही हात जोडले होते.

“बाबा,” ती म्हणाली. “गाडी येते ना? जाते मी सासरी. आशीर्वाद दे.”

आणि तिने डोकं वाकवलं.

समोरासमोर दोन डोकी. एक पांढरं, एक पांढरं होत आलेलं. दोन्ही वाकलेली, दोन्ही वाट पाहणारी. आणि त्या दोघांच्या वर, रिकाम्या जांभळ्या हवेत, एकही हात नाही.

“पहिल्या सणाला न्यायला येशील ना?” खाली बघूनच ती म्हणाली. “नाहीतर विसरशील. तू फार विसरतोस, बाबा.”

मास्तरांच्या ओठांशी आयुष्यभराची वाक्यं दाटीवाटीने आली, पण एकही पुढे सरेना.

“दे ना लवकर. गुडघे दुखतात.”

मास्तरांचा हात उठला. अर्ध्यावर आला आणि थबकला, आणि तिथे, त्या अर्ध्या वाटेवर, त्यांना ती बट कळली. रोजच्या रोजची ती बट. ओसरीवरची ती उभी राहिलेली बाई. तो उठलेला, उरलेला, कपाळाकडे वळवलेला हात.

त्यांनी हात खाली आणला. तिच्या डोक्यावर ठेवला.

शब्द एकच येत होता. तान्ह्यांना, शाळकऱ्यांना, धाकट्यांना द्यायचा. त्यांचा सूर फुटला.

“देव तुला... मोठी करो.”

नव्वदीला टेकलेली कोंसू तृप्तपणे “आमेन” म्हणाली. जणू अजून पुष्कळ वाढायचं होतं. आणि कुणी सांगावं, असेलही.

फाटकाशी भोंगा वाजला.

“गाडी आली,” रेजिना दारातून म्हणाली. तिचा आवाज ओला होता. “काय सांगू?”

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. “सांग,” ते हळूच म्हणाले, “लग्न मोडलं म्हणावं.”

रेजिना पिशवी तिथेच ठेवून गेली. अंगणात बोलणं झालं. ड्रायव्हरने काही विचारलं, तिने काही सांगितलं. मग इंजिनाची घरघर वळली, लांबली, ताडांच्या पलीकडे विरली.

आई राहिली. खोली राहिली, खाट राहिली. पण जो हात मास्तरांना हवा होता, तो आता कुठून येणार होता? तिला मुलगा उरला नव्हता. तिला होता तो बाप. आणि बापाच्या डोक्यावर लेक हात ठेवत नसते.

त्या घरची एक रीत होती. थोराचा हात उचलेपर्यंत धाकट्याने डोकं वर करायचं नाही. कोंसूने रीत पाळली होती. वाकल्या वाकल्या तिचा डोळा लागला होता, आणि तिचं कपाळ हलकेच येऊन मास्तरांच्या छातीला टेकलं होतं.

तळव्याखाली, पिंजलेल्या केसांखाली, जिथे कधीकाळी बाप्तिस्म्याचं पाणी पडलं असेल, तिथे काहीतरी मंद उडत होतं. तान्ह्या बाळाची टाळू उडते तसं. थांबत, उडत, थांबत, उडत, नुकतंच कुणीतरी फुंकर घालून जागं केलेलं.

बाहेर पाणी काळं झालं, केळी काळ्या झाल्या, खिडकी काळी झाली. गुडघे दुखत होते. मास्तर हात तसाच ठेवून बसून राहिले.