चुरमुऱ्यांची पहिली मूठ

इळंगोवनना शुक्रवार नको वाटायचा. मालकांना कुठल्याशा परिषदेत कुणीतरी सांगितलं होतं, की जनसंपर्काची माणसं चांगलं लिहिणारी हवीत. तेव्हापासून दर शुक्रवारी, दुपारचं जेवण अंगावर आलेलं असताना, नव्या पोरांना लिहायला शिकवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. कोइंबतूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी म्हणून त्यांचे केस पिकले होते. पिकले म्हणजे काय, जे उरले होते ते पिकले होते.

"हे बघा," ते समोरच्या तिघांना सांगत होते, "'कधीही भरून न येणारी पोकळी' हे ज्याने पहिल्यांदा लिहिलं असेल त्याला माझा नमस्कार. त्याच्यानंतर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना माझ्याकडे पाठवा. पोकळी काढा, माणूस घाला. मालक बोलतायत असं दाखवायचं असेल, तर ते खरंच बोलतायत असं वाटलं पाहिजे. एक छोटीशी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट घाला. याळिनीने गेल्या महिन्यात घातली होती तशी."

याळिनीने लाजून मान वळवली. तिघांत तिचाच जरा हात बसला होता, बाकी दोघांचा आनंदीआनंद.

गेल्या महिन्यात फाउंड्रीत साचे भरणारा मासिलामणी पाळीवर असतानाच छातीत कळ येऊन गेला. वर्तमानपत्रांचे फोन आले. मालकांच्या नावाने चार ओळी द्यायला हव्या होत्या. याळिनीने लिहून आणलं, त्यात पोकळी होती. इळंगोवननी परत पाठवलं. मग 'कंपनी एक कुटुंब' आलं. तेही परत. तिसऱ्यांदा मात्र पोरीने कमाल केली. मालक म्हणतात: 'दर दसऱ्याच्या आयुधपूजेला प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पहिली मूठ मी मासिलामणीच्या हातावर ठेवायचो. तो हसून म्हणायचा, आधी मशीनला द्या, मुदलाळी, मग मला.'

वाचून इळंगोवनना खरंच बरं वाटलं होतं. हे कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं नाही. असं कुणी विचारत नाही. मालकांचं बोलणं आपण लिहायचं, मालकांनी मोबाईलवर अंगठा दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते मालक बोलले असं छापून यायचं. सगळ्या कंपन्यांत असंच चालतं. मालकांचा अंगठा आला. स्थानिक पेपरने ते वाक्य चौकटीत छापलं.

वर्ग अर्ध्यावर असताना फाटकावरून फोन आला. मासिलामणीची बायको आली होती. मुदलाळींना, म्हणजे मालकांना, भेटायचं म्हणत होती.

"भरपाईचं काही असेल," इळंगोवन म्हणाले आणि पोरांना सुट्टी दिली. "याळिनी, तू थांब. लोकांशी बोलायचं कसं तेही बघ जरा. नुसतं लिहून पोट भरत नाही."

पवुनम्माळ आली ती चपला दाराबाहेर काढून. पन्नाशीची, वाळकी बाई. खुर्चीच्या टोकावर बसली. कॉफी समोर ठेवली तर दोन्ही हातांनी पेला धरून तशीच राहिली.

"पैशांचं काही नाही," तीच आधी म्हणाली. "ते मिळाले. मला मुदलाळींना एकच विचारायचं होतं."

"काय, अम्मा?"

तिने पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं. घड्यांवर विरलं होतं. "हे ते दर वर्षी म्हणायचे? आधी मशीनला द्या म्हणून? हसून?"

इळंगोवननी नुसतं हं केलं. असं हं करायची त्यांना सवय होती. त्यात होकारही नसतो आणि नकारही नसतो.

"घरी ते बोलायचे नाहीत हो, साहेब," पवुनम्माळ सांगू लागली. "तोंडाला कुलूप. कामावरून आले की जेवायचं, खाटेवर पडायचं. विचारलं तर, काय असणार तिथं, माती आणि लोखंड. आयुधपूजेचा चुरमुऱ्यांचा पुडा तेवढा आणायचे आणि पोरीच्या हातात द्यायचे. त्या दिवशी सकाळी पोरीच्या फीवरून आमचं वाजलं. मी म्हटलं, एवढी वर्षं घासलीत तिथं, तर जाऊन मुदलाळींना सांगा की. ते म्हणाले, मी कसा सांगू. तर मी म्हटलं..." ती थांबली. "मी म्हटलं, तुम्हाला तिथं कुत्रं तरी विचारतं का."

तिने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"आणि मग हे छापून आलं. पोरीने वाचून दाखवलं. मुदलाळी स्वतः ह्यांच्या हातावर पहिली मूठ ठेवतात, हे हसतात, उलट बोलतात. माझ्याशी हसायला काय झालं होतं ह्यांना? एवढी मानाची गोष्ट, दर वर्षाची, आणि बायकोला एका शब्दाने सांगू नये? माणूस गेलाय, रडायला हवं, तर मला नुसता राग येतोय. फोटोला हार घालताना हात आखडतो. म्हणून आले. मुदलाळींनाच विचारते, आणखी काय काय बोलायचे ते इथं."

याळिनी भिंतीला टेकून उभी होती.

इळंगोवन बाहेरच्या खोलीत गेले आणि मालकांना फोन लावला.

"असं होय," वेलुसामी मालक म्हणाले. "भेटतो की. दुःखातली बाई आहे, नाही म्हणू नये. चहापाणी द्या. मी काय बोलायचं ते चार ओळींत पाठवा, पंधरा मिनिटांत येतो."

इळंगोवननी उभ्या उभ्या मोबाईलवर लिहिलं. एवढ्या वर्षांचा हात बसलेला, वेळ लागला नाही. 'अम्मा, तो तुमच्याबद्दलच बोलायचा. म्हणायचा, घरी मला बोलता येत नाही, पण माझ्या गप्प बसण्यातलं तिला सगळं कळतं.' पाठवून दिलं. मग स्वतःच पुन्हा वाचलं. छान उतरलं होतं. बाई ऐकून रडली असती, राग गेला असता, फोटोला हार घातला असता. मुदलाळींनाही बरं वाटलं असतं. शिवाय पुढच्या शुक्रवारी पोरांना दाखवायला नमुना झाला असता.

त्यांना एकदम स्वतःचा वीट आला. इतका, की तिथंच बाकड्यावर बसावं आणि उठूच नये.

ते आत आले. पवुनम्माळच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"अम्मा, ते वाक्य मुदलाळींचं नाही. आम्ही लिहिलं. ह्या खोलीत बसून."

"म्हणजे मुदलाळींनी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही—"

"नाही. कुणीच सांगितलं नाही. चुरमुऱ्यांचं तसलं काही झालं नव्हतं. चांगलं दिसावं म्हणून घातलं."

"मी लिहिलं," याळिनी म्हणाली. "माझी चूक आहे, अम्मा."

"तिची नाही. मी शिकवलं तिला," इळंगोवन म्हणाले.

पवुनम्माळने कात्रण मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं ते अगदी हळू विचारलं.

"म्हणजे ह्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं?"

"नाही, अम्मा."

तिचे खांदे खाली आले. डोळ्यांना पदर लावून ती थोडा वेळ रडली. कोंडलेलं मोकळं व्हावं तशी. इळंगोवनना वाटलं, चला, सुटलो.

मग तिने डोळे पुसले. "म्हणजे त्या सकाळी मी बोलले ते खरंच होतं," ती म्हणाली. "इथं ह्यांना कुणी विचारत नव्हतं."

इळंगोवननी हातातला मोबाईल खिशात टाकला.

तिने कात्रण घडीवर घडी करून पुन्हा पिशवीत ठेवलं. "पोरीला हे कळू देऊ नका," ती उठता उठता म्हणाली. "तिने कॉलेजात सगळ्यांना दाखवलंय. तिचं असू दे तसंच." मुदलाळी येतायत, थांबा, असं याळिनीने म्हटलं, तर ती नको म्हणाली. दारात चपला पायात सरकवल्या आणि गेली.

वेलुसामी मालक आले तेव्हा कॉफी तशीच होती, वर साय धरलेली. त्यांनी घाईघाईने खोलीभर पाहिलं.

"गेली? अहो, मी गाडीत पाठ करत आलो." ते बाईच्याच खुर्चीवर टेकले आणि चष्मा काढून पुसू लागले. माणूस मनाचा वाईट नव्हता. "काय लिहिता हो तुम्ही, इळंगोवन. वाचता वाचता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते चुरमुऱ्यांचंही तसंच. मला तर आता आठवायलाच लागलंय, मी त्याच्या हातावर मूठ ठेवतोय, तो हसतोय." त्यांनी चष्मा चढवला. "उंच होता ना तो?"

इळंगोवननी याळिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"माहीत नाही, साहेब," ते म्हणाले. "आम्ही कुणी त्याला पाहिलंच नव्हतं."