विंगेतला आवाज

आमच्या नाटकमंडळात पाठांतर कुणाचंच नव्हतं. सांगायला मला लाज वाटत नाही. कापडाच्या लूमवर बारा तासांची ड्युटी मारून आलेल्या माणसाने तीन अंक पाठ करायचे कधी? म्हणून आम्हाला धनेशदादा होता. आमचा प्रॉम्प्टर. तो विंगेत पुस्तक घेऊन बसायचा, हळू आवाजात वाक्य सोडायचा आणि आम्ही ते उचलायचो. बावीस वर्षं हेच चाललं. अर्थ डोक्यात शिरायच्या आधी वाक्य तोंडातून बाहेर पडलेलं असायचं.

टेमघरचा एक बंद पडलेला लूमचा गाळा ही आमची तालमीची जागा. म्हाताऱ्या शेठने ती तोंडी दिली होती. आमची नाटकं तिथेच बसायची, शांतामावशींची भीमगीतांची पार्टीही तिथेच गायची. लूम गेले तरी त्यांचे बोल्ट जमिनीत तसेच होते. कुणी कुठे उभं राहायचं ते आम्ही बोल्टांवरून ठरवायचो. माझी जागा दारापासून तिसऱ्या बोल्टाशी.

शेठ वारले आणि त्यांच्या मुलाला तिथे गोडाऊन बांधायचं सुचलं. आम्ही ठरवलं, जागा सोडायची नाही, वकील गाठायचा.

त्याच आठवड्यात धनेशदादा नवं नाटक घेऊन आला. "आपल्याच गाळ्याची गोष्ट हाय," म्हणाला. "आजकाल असलंच चालतंय. खऱ्या नावांनी बोलायचं. मी मोबाईलवर शूटिंग घेतो, म्हंजे चुका दिसतील."

एकेकाला समोर उभं करून, मोबाईलच्या मागून तो वाक्य सोडत गेला. मी माझ्या बोल्टाशी उभी राहिले आणि म्हणाले, "मी वैशाली भोईर. आम्ही ही जागा राजीखुशीने सोडतोय. आमची काही तक्रार नाही." शेवटी गळाही दाटून आणला. शांतामावशी तर खरोखर रडल्या. माझं काम त्या दिवशी मला फार आवडलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जेसीबी आला त्या सकाळी आम्ही वीसजण आडवे उभे राहिलो. शेठच्या मुलाने पोलिसांच्या हातात मोबाईल दिला. साहेबांनी त्यातला व्हिडिओ माझ्यापुढे धरला.

"ह्या तुम्हीच ना?"

मीच होते. गळा दाटलेली.

"नाटक हाय ते, साहेब," शांतामावशी म्हणाल्या.

"तेच सांगतोय. आता नाटकं बंद करा."

दोन तासांत गाळा भुईसपाट झाला. धनेशदादा तिकडे फिरकलाच नाही. संध्याकाळी त्याची बायको पेढे घेऊन आली. नव्या गोडाऊनवर त्याला सुपरवायझरची नोकरी लागली होती. हे ती सांगेपर्यंत मी पेढा खाल्लाही होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर तोंड गोड.

पुढच्या रविवारी आम्ही जागेचा निरोप घ्यायला जमलो. नाटकाआधी नारळ फोडायचो, तसा शेवटचा एक फोडायचा होता. धनेशदादाही आला आणि मागे जाऊन उभा राहिला. त्याला हाकलायचं धाडस कुणाला झालं नाही, मलाही नाही.

"वैशाली, तू बोल चार शब्द," शांतामावशी म्हणाल्या. "तुलाच जमतंय."

विटा बाजूला सारून मी माझा बोल्ट शोधला. उभी राहिले. तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून आवाज आला, हळू, अगदी वेळेवर.

"ह्या जागेनं आपल्याला..."

"ह्या जागेनं आपल्याला," मी बोलून गेले.

मग जीभ चावली. अंगाचा नुसता भडका उडाला. त्याला वाटलं, मला पुढचं ऐकू आलं नाही. नेहमीसारखं त्याने वाक्य थोडं मोठ्याने सोडलं. "...नाव दिलं."

मी मागे वळले. "धनेश, घरी जा."

बावीस वर्षांत मी त्याला दादा म्हटलं नाही असं पहिल्यांदाच झालं. तो खाली मान घालून निघून गेला.

मी पुन्हा बोल्टाशी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायचं खूप होतं, पण पहिलं वाक्य काही केल्या सुचेना. कान अजून मागच्या आवाजाकडेच लागले होते.