एकदा विचारलेला पत्ता

मी एक जुनी डिफॉल्ट सेटिंग आहे, म्हणजे कुणी बदललं नाही तर आपोआप लागू होणारा नियम. नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या, मला सवय आहे. मोठमोठे इंजिनियर माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, तिथे तुमचं काय घेऊन बसायचं.

मित्रांनो, कॉम्प्युटर एकमेकांना नावाने ओळखतात. पण निरोप पोचवायला नाव पुरत नाही, आकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून प्रोग्राम आधी नेटवर्कला विचारतो, या नावाचा पत्ता काय? मिळालेला पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा, ते मी ठरवते. ज्यांनी आमची प्रोग्रामिंगची भाषा घडवली, त्यांना एक धास्ती होती. मध्येच एखाद्या भामट्याने खोटा पत्ता दिला तर? म्हणून त्यांनी मला बजावलं, एकदा विचारलं की पुन्हा विचारायचं नाही. प्रोग्राम बंद होईपर्यंत तोच पत्ता धरून ठेवायचा. कुणी वेगळं लिहून दिलं, तरच ते ऐकायचं. तेव्हा माझं काय कौतुक झालं! दर वेळची विचारपूस वाचली, काम झटपट होऊ लागलं. मी ज्या फाइलमध्ये राहते, तिथे माझ्या डोक्यावर हे सगळं सरळ शब्दांत लिहून ठेवलेलं आहे. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, कुणीतरी वाचेल. भोळा बिचारा.

माझी नेमणूक झाली एका इस्पितळात, तळमजल्यावरच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. तिथला प्रोग्राम लिहिला होता एका इंजिनियर मुलीने, जिला सगळे ताई म्हणत. रक्तात काही धोक्याचं दिसलं की तो प्रोग्राम वरच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरला लगेच निरोप धाडायचा. वॉर्डातला कॉम्प्युटर अधूनमधून दुरुस्तीला जाई आणि त्याच्या जागी दुसरा येई. नाव तेच, पत्ता नवा. मी मात्र जुनाच पत्ता धरून बसलेली. मग निरोप रिकाम्या जागी जात, पडद्यावर 'पाठवत आहे' एवढंच दिसत राही, आणि वॉर्डातली सिस्टर रिपोर्ट न्यायला धापा टाकत जिने उतरे.

अशा वेळी वायर बिघडली असं धरून बोलावणं जायचं वायरमन काकांना. इस्पितळातल्या सगळ्या वायरी त्यांनी टाकलेल्या. खिशात पेचकस, गुडघे कुरकुरणारे. ते शिडीवर चढायचे, छताची फळी सरकवायचे, धुळीने खोकत वायर बदलायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "ताई, नवी टाकलीये. आता तुमचं ते एकदा बंद करून चालू करा."

ताई तसं करायची. प्रोग्राम बंद झाला की धरून ठेवलेला पत्ता पुसला जातो, आणि चालू झाला की नव्याने विचारला जातो. निरोप क्षणात वर पोचायचा. सगळे मान डोलावून नव्या वायरीकडे बघायचे. अहो, वायरीचा काय संबंध? पण सेटिंगला तोंड कुठलं? काका स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा उभा करत होते आणि मी नुसती चरफडत होते.

व्यवस्थापक साहेबांचा तर्क साधा होता. "तुम्ही वायर बदलली की चालतं. म्हणजे आधीची तुम्हीच खराब टाकलेली असते ना?"

"साहेब, मी तपासूनच टाकतो हो."

"मग सारखं बंद का पडतं?"

काकांच्या जागी दुसरा माणूस नेमायचं ठरलं. त्याहून वाईट म्हणजे काकांना स्वतःलाच ते पटू लागलं. ताईला म्हणाले, "माझ्याच हातून चुकत असेल. वय झालं आता." उभा जन्म वायरी ओढण्यात गेलेल्या माणसाने असं म्हणावं! मला न वाचणाऱ्या झाडून सगळ्यांचा संताप आला मला.

काकांचा शेवटचा दिवस उजाडला. ते चाव्या द्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते. नेमका तेव्हाच वॉर्डातला कॉम्प्युटर बदलला आणि निरोप अडकले. ताईने सवयीने प्रोग्राम बंद करून चालू केला. निरोप गेला. तिचा हात माउसवरच राहिला.

"काका तर आलेच नाहीत," ती स्वतःशीच म्हणाली. "मग वायर बदलली कुणी?"

बंद केल्यावर प्रोग्राम नेमकं काय विसरतो, हे शोधत शोधत ती माझ्या फाइलपर्यंत आली. माझ्या डोक्यावरच्या ओळी तिने वाचल्या. वाचता वाचता तिचे कान लाल झाले. तिने लिहिलं, अर्ध्या मिनिटाने विसर, आणि ते लागू व्हावं म्हणून प्रोग्राम एकदा बंद करून चालू केला. मग ती केबिनकडे धावली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या वायरी चांगल्या होत्या?"

"सगळ्या, काका. चूक माझ्या प्रोग्रामची होती."

काढलेल्या वायरी फेकायला काकांचा जीव होत नसे. त्या त्यांच्या पिशवीतच होत्या. त्यांनी सगळ्यांत जुनी वायर काढली, लॅबमध्ये येऊन ती बसवली. ताईने शिडी धरली. मग तिने वॉर्डात पुन्हा आधीचा कॉम्प्युटर लावायला सांगितलं, म्हणजे पत्ता परत बदलला. या वेळी प्रोग्रामला कुणी हात लावला नाही. थोडा वेळ गेला आणि निरोप आपोआप वर पोचला.

साहेब दारात उभे होते. त्यांनी चाव्यांचा जुडगा पुढे केला. "घ्या," एवढंच म्हणाले. माफीचा एक शब्द नाही. काकांनी आधी छताची फळी नीट बसवली, मग खाली उतरून चाव्या घेतल्या.

मित्रांनो, त्या लॅबमध्ये मी आता वेळेवर विसरते. पण कितीतरी प्रोग्रामांमध्ये मी जशीच्या तशी बसून आहे, आणि तिथेही कुणीतरी 'बंद करून चालू करा' म्हणत असेल. चालू झालं म्हणजे सुटलो, असं समजू नका. शिडीवरच्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडण्याआधी माझ्या डोक्यावरच्या चार ओळी वाचा. मी कुठे पळून जाणार आहे?